नागीण वाळली, पण कपाळाचे दुखणे का राहिले?

डोकेदुखीविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषाणूशी, म्हणजे नागिणीच्या विषाणूशी, निगडित असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूची आग होऊ लागली. ऊन बाधले असेल असे समजून आम्ही दोन दिवस कांद्याचा रस लावला. तिसऱ्या दिवशी तेथे पाण्याने भरलेले फोड आले आणि उजवा डोळा सुजून मिटला. गावातील जाणत्यांनी ही नागीण आहे असे सांगून दूर्वा आणि तांदूळ वाटून लेप दिला, वरून काव लावली आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळले तर माणूस दगावतो, असे बजावले. सहाव्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेल्यावर गोळ्या मिळाल्या. तीन आठवड्यांत फोड वाळले, पण कपाळाचे आणि डोक्याच्या उजव्या अर्ध्या भागाचे दुखणे आजतागायत गेलेले नाही. त्यांना डोक्यावर पदर सहन होत नाही, फणी फिरवता येत नाही, पंख्याचा वाराही झोंबतो. सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. चष्म्याचा नंबर बदलला, एक दाढ काढली. आता नातेवाईक म्हणतात की हे सगळे मनाचे खेळ आहेत. विषाणू अजून त्यांच्या डोक्यात आहे का? तो मेंदूत शिरला असेल का? तेव्हाच्या गोळ्या पुन्हा द्याव्यात का? घरात माझा दीड वर्षाचा मुलगा आहे, त्याला काही धोका आहे का?

उत्तर : नातेवाइकांचे म्हणणे आधी बाजूला ठेवावे. आपण जे वर्णन केले आहे, विशेषतः पदर आणि पंख्याचा वारा यांविषयी जे लिहिले आहे, ते इतके नेमके आहे की पत्र अर्ध्यावर असतानाच निदान मनात तयार होते. एरवी ज्याची जाणीवही होऊ नये असा स्पर्श वेदना म्हणून जाणवणे, हे मज्जातंतूला इजा झाल्याचे लक्षण आहे. मनाने रचलेल्या दुखण्याला अशी ठरावीक हद्द नसते. आपल्या सासूबाईंच्या दुखण्याची हद्द मात्र अगदी रेखीव असणार. त्यांना उजेडात बसवून कपाळाकडे नीट पाहावे. फोडांचे फिकट व्रण उजव्या भुवईपासून केसांत वर टाळूच्या दिशेने गेलेले दिसतील आणि कपाळाच्या मध्यावर, जेथे कुंकू लावतात त्या रेषेपाशी, ते थांबलेले असतील. कापसाची वात डाव्या कपाळावरून उजवीकडे अलगद फिरवली, तर याच रेषेच्या आसपास त्या दचकून डोके मागे घेतील. दवाखान्यात आम्ही याहून फारसे वेगळे काही करीत नाही.

ही रेषा कोठून आली, हे समजले की पुढचे बरेचसे उलगडते. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला संवेदना वाहणारा एक मोठा मज्जातंतू असतो. त्याच्या तीन शाखा असल्यामुळे त्याला त्रिशाखी मज्जातंतू किंवा ट्रायजेमिनल नर्व्ह म्हणतात. पहिली शाखा डोळा, कपाळ, डोक्याचा पुढचा भाग आणि नाकाचा शेंडा सांभाळते, दुसरी गालाचा आणि वरच्या जबड्याचा भाग, तर तिसरी खालच्या जबड्याचा. उजव्या बाजूचा तंतू उजवीकडेच काम करतो आणि मध्यरेषा ओलांडत नाही. नागिणीचे तोंड व शेपूट जुळण्याची भीती म्हणूनच निराधार आहे. पुरळ एका तंतूच्या पट्ट्यापुरते उठते आणि मध्यावर थांबते. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात ते क्वचित अधिक ठिकाणी पसरते आणि तेव्हा प्रकृती खरोखरच गंभीर होऊ शकते, परंतु त्याचे कारण ती मूळची दुर्बलता असते, विळखा पूर्ण होणे हे नव्हे.

आता विषाणूकडे वळू. नागीण आणि कांजिण्या या एकाच विषाणूच्या दोन अवस्था आहेत. त्याचे नाव व्हॅरिसेला झोस्टर. सासूबाईंना लहानपणी कांजिण्या आल्या असणार, मग त्यांना त्या आठवत असोत वा नसोत. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठींत, म्हणजे गंडिकांत, निपचित पडून राहतो. वय वाढले, मधुमेह बळावला, स्टिरॉइडची किंवा कर्करोगाची औषधे चालू झाली, की त्याला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्ती सैल पडते आणि पन्नास-साठ वर्षांनंतरही तो जागा होऊन तंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. वाटेत तो तंतूलाच सूज आणतो. फोड येण्याआधी दोन-तीन दिवस कपाळाची आग होते ती यामुळेच, आणि त्या दिवसांत ऊन बाधले, अर्धशिशी झाली किंवा दात दुखतो असा समज होणे अगदी साहजिक आहे. डॉक्टरांचाही होतो.

कांजिण्यांचा जुना विषाणूच नागीण होऊन परततो, हा विचार पटेल अशा रीतीने मांडण्याचे मोठे श्रेय एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर गावच्या फॅमिली डॉक्टरकडे जाते. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांच्या १६ वर्षांच्या नोंदी ठेवून त्यांनी १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. गावच्या दवाखान्यातील वहीतून केवढे काम उभे राहू शकते, हे आपल्याकडच्या तरुण डॉक्टरांना सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

मग फोड वाळल्यावरही दुखणे का राहते? ओढ्याला पूर येऊन बांध फुटला, तर पूर ओसरला म्हणून बांध आपोआप जुळत नाही. विषाणूची लढाई दोन-तीन आठवड्यांत संपली, पण त्या लढाईत तंतूचे आणि त्याच्या गंडिकेचे नुकसान झाले. उरलेले तंतू काही कारण नसताना संदेश पाठवीत राहतात आणि ते संदेश घेणाऱ्या मेंदूच्या तळाकडील पेशीही हळव्या होऊन साध्या स्पर्शाला वेदना समजू लागतात. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांहून अधिक काळ अशी वेदना राहिली, तर तिला नागीणोत्तर वेदना किंवा पोस्ट हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतात. वय जास्त, सुरुवातीची वेदना तीव्र आणि पुरळ डोळ्याच्या शाखेवर, या तिन्ही गोष्टी तिची शक्यता वाढवतात. सासूबाईंच्या बाबतीत तिन्ही एकत्र आलेल्या दिसतात. सीटी स्कॅन नॉर्मल आला यात नवल नाही, कारण त्यात मेंदूतील गाठ किंवा रक्तस्राव दिसतो, कपाळाच्या त्वचेतील जळलेले तंतू दिसत नाहीत. दाढेला बिचारीला विनाकारण शिक्षा झाली.

विषाणू मेंदूत शिरला आहे का, या प्रश्नाचे उत्तर आपण दिलेल्या माहितीवरून नाही असे आहे. मेंदूला सूज आली असती तर ताप, भ्रम, ग्लानी अशी लक्षणे तेव्हाच दिसली असती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. डोळ्याजवळच्या नागिणीनंतर काही महिने मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन पक्षाघाताचा धोका थोडा वाढलेला असतो. बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा हातापायातील जोर गेला, तर हे त्याच दुखण्याचे असेल असे न म्हणता त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

विषाणूरोधक गोळ्या आता पुन्हा देऊन उपयोग नाही. असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर विषाणूची वाढ थांबवते, आणि वाढच होत नसेल तर थांबवायचे काय? या गोळ्यांचा खरा काळ म्हणजे पुरळ दिसल्यापासूनचे पहिले ७२ तास. नवे फोड येतच असतील किंवा डोळ्याला बाधा झाली असेल, तर त्यानंतरही त्या देतात, म्हणून सहाव्या दिवशी त्या दिल्या गेल्या हे योग्यच झाले. असायक्लोव्हिरची ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस घ्यावी लागते. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी घेऊन औषध लागू पडले नाही म्हणणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. वेळेवर घेतलेल्या गोळ्यांनी फोड लवकर भरतात, सुरुवातीची वेदना कमी होते आणि डोळा वाचण्याची शक्यता वाढते, परंतु पुढची दीर्घ वेदना त्यांनी हमखास टळते असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे आपण चार दिवस आधी नेले असते तर हे दुखणे राहिलेच नसते, असा दोष स्वतःला लावून घेऊ नये. लेपाविषयी मात्र स्पष्ट सांगतो. उघड्या फोडांवर कोणतीही माती किंवा वाटलेला पाला लावल्याने जंतुसंसर्ग होतो, आणि डोळ्याजवळ तर तो फारच महागात पडतो.

डोळ्याचा विषय निघाला म्हणून विचारतो, सासूबाईंना नेत्रतज्ज्ञांनी तपासले आहे का? चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे नव्हे. नाकाच्या शेंड्यावर फोड आले असतील, तर डोळ्याच्या आतही सूज येण्याची शक्यता बरीच असते, कारण एकच बारीक उपशाखा दोन्हींकडे जाते. जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिलेली ही खूण आजही तितकीच उपयोगी आहे. नागिणीनंतर बुबुळाची संवेदना कमी होते, त्यामुळे कचरा गेला किंवा जखम झाली तरी दुखत नाही. डोळ्याच्या आतील सूज आणि वाढलेला दाब काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. डोळा लाल होत असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर याच आठवड्यात दाखवावे. तसे काही नसले तरी एकदा तपासणी व्हायलाच हवी.

दुखण्यावर औषधे आहेत, मात्र ती नेहमीची वेदनाशामके नव्हेत. पॅरासिटामॉल आणि तत्सम गोळ्या येथे फारसे काही करीत नाहीत. मज्जातंतूचे बेताल संदेश शांत करणारी गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन, तसेच अमिट्रिप्टिलिन व नॉरट्रिप्टिलिन ही औषधे वापरतात. यातील पहिली दोन मुळात फिटची औषधे म्हणून आणि पुढची दोन नैराश्याची औषधे म्हणून ओळखली जातात. औषधाच्या दुकानातून कागद वाचून घरी आलेले नातेवाईक आम्ही म्हणत होतो ना, मनाचेच आहे, असे म्हणतील. त्यांना सांगावे की येथे ती नैराश्यासाठी दिलेली नाहीत. मात्रा अगदी कमीपासून, बहुधा रात्रीच्या एका गोळीने, सुरू करतात आणि आठवड्या-आठवड्याने वाढवतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पहिल्या चार दिवसांत गुंगी आली आणि दुखणे कमी झाले नाही म्हणून औषध टाकून देणे, हे या आजारातील अपयशाचे सर्वांत मोठे कारण मला वाटते. या वयात रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस कोणीतरी सोबत झोपावे. मूत्रपिंड अशक्त असेल तर गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिनची मात्रा कमी करावी लागते. हृदयाचा, काचबिंदूचा किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर अमिट्रिप्टिलिन टाळतात. त्यामुळे ही औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत आणि बंद करतानाही हळूहळू कमी करावीत. बधिरता आणणाऱ्या लिडोकेनच्या पट्ट्या मिळतात आणि कपाळाच्या वरच्या भागावर त्या चालतात, पण डोळ्याजवळ नाही. मिरचीतील तिखट द्रव्यापासून केलेले मलम कपाळाला लावूच नये, ते घामाबरोबर डोळ्यात उतरते.

किती फरक पडेल? खोटी आशा दाखवण्यापेक्षा सांगितलेले बरे. गॅबापेन्टिन घेणाऱ्या दहा जणांपैकी साधारण तिघांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी होते. एक औषध लागू पडले नाही तर दुसरे, नाहीतर दोन्ही मिळून, अशी वाट काढावी लागते. काळ मात्र आपल्या बाजूने असतो, कारण बऱ्याच रुग्णांत ही वेदना महिन्या-महिन्याने ओसरत जाते. तोवर पदर टोचत असेल तर जुन्या मऊ धोतराचा तुकडा केसांवर सैल बांधून पाहावा. माझ्या एका रुग्ण आजींनी स्वतःच शोधलेला हा उपाय आहे. हलका, हलता स्पर्श अधिक दुखतो आणि स्थिर, सलग स्पर्श त्या मानाने सोसतो, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

मुलाची काळजी आता नको. फोडांतील पाण्यात विषाणू असतो आणि ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला त्यापासून कांजिण्या होऊ शकतात, परंतु खपल्या धरल्यावर तो धोका संपतो. कांजिण्या संसर्गानंतर तीन आठवड्यांच्या आत दिसतात आणि आपल्याकडे सात महिने उलटले आहेत. त्याला कांजिण्यांची लस दिली नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावी.

प्रश्न : मी ठाण्याचा, वय ४३. चार महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला. तेव्हापासून डोक्याच्या डाव्या मागच्या बाजूने, मानेपासून कानामागे वरपर्यंत, विजेसारखी कळ येते आणि एरवीही तेथे ठणका असतो. फोड कधीच आले नाहीत. एमआरआय नॉर्मल आहे. फोड न येताही नागीण होते असे वाचले, म्हणून स्वतःहून रक्त तपासले, तर झोस्टर आयजीजी पॉझिटिव्ह आले. असायक्लोव्हिरचा कोर्स करू का?

उत्तर : करू नये. आयजीजी हे रक्तातील एक प्रतिद्रव्य आहे आणि ते पॉझिटिव्ह येण्याचा अर्थ एवढाच की आपल्याला कधीतरी कांजिण्या आल्या होत्या किंवा लस मिळाली होती. आपल्या वयाच्या बहुतेक भारतीयांचे रक्त तपासले तर हेच उत्तर येईल. फोडांविना नागीण हा प्रकार खरा आहे, पण दुर्मीळ आहे. तो सिद्ध करायचा तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यात विषाणूचा अंश किंवा प्रतिद्रव्ये शोधावी लागतात, आणि त्यासाठी तसा सबळ संशय असावा लागतो.

आपले वर्णन डोक्याच्या मागील भागाच्या तंतूशी, म्हणजे ऑक्सिपिटल तंतूशी, जुळते. हा तंतू मानेच्या वरच्या मणक्यांतून निघून कवटीच्या मागच्या उंचवट्याशेजारून वर जातो. तेथे अंगठ्याने दाबल्यावर नेमकी तीच कळ उठते का, हे मज्जारोगतज्ज्ञ पाहतील. तेथे बधिरतेचे इंजेक्शन देऊन कळ थांबली, तर निदानही होते आणि आरामही पडतो. याउलट, दुखणे सुरू झाल्याची तारीख आपल्याला सांगता येत असेल आणि त्या दिवसापासून डोके एक दिवसही मोकळे राहिले नसेल, तर दुसऱ्या एका प्रकाराचा विचार करावा लागेल. त्याला इंग्रजीत न्यू डेली पर्सिस्टंट हेडेक म्हणतात, म्हणजे एके दिवशी नव्याने सुरू होऊन रोज टिकून राहणारी डोकेदुखी. काही रुग्णांत ती विषाणूजन्य तापानंतरच सुरू होते. तापाचा विषाणू तंतूत ठाण मांडून बसला आहे असा मात्र त्याचा अर्थ होत नाही, आणि विषाणूरोधक औषधे तेथे देत नाहीत.

आपण वेदनाशामके किती घेता, हे पत्रात नाही. साध्या गोळ्या महिन्यातून १५ दिवस किंवा त्याहून अधिक, आणि एकाहून अधिक औषधे एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा अधिक, अशा तीन महिने घेतल्या तर त्या गोळ्याच डोकेदुखीला कारण होतात. मोजून पाहावे.

याच ओघात पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. कानशिलाशी नव्याने दुखू लागले, केस विंचरताना तेथे हुळहुळले आणि भाकरी चावताना जबडा थकू लागला, तर मज्जातंतूचे दुखणे म्हणून वाट पाहू नये. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आल्याने असे होते आणि उपचार लांबले तर दृष्टी जाते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून शरीरातील सूज दाखवणारी रक्ताची ईएसआर आणि सीआरपी तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मी ५७ वर्षांची असून मला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी कमरेवर नागीण झाली, ती पूर्ण बरी झाली. मोठ्या बहिणीला कपाळावर झाली आणि तिचे हाल मी पाहते आहे. नागिणीची लस मी घ्यावी का, आणि बहिणीला तिचा उपयोग होईल का? (पणजीहून एक वाचक)

उत्तर : आपण घ्यावी, असे माझे मत आहे. एकदा नागीण होऊन गेली म्हणजे पुन्हा होत नाही हा समज चुकीचा आहे, आणि मधुमेहात शक्यता अधिकच असते. सध्याची लस विषाणूतील एका प्रथिनापासून बनवलेली आहे. तिच्यात जिवंत विषाणू नसल्याने प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते. अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतात २०२३ मध्ये ती उपलब्ध झाली. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा दंडात घ्याव्या लागतात. पन्नाशीवरील लोकांवरील मोठ्या चाचण्यांत तिने नागिणीपासून ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. दंड चांगलाच दुखतो, दोन दिवस कणकण आणि अंगदुखी असते, म्हणून घरात कार्य असेल त्या आठवड्यात घेऊ नये. ती सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही आणि स्वस्त नाही, त्यामुळे दोन्ही मात्रांचा खर्च आधी विचारून घ्यावा. पहिली घेऊन दुसरी राहिली तर पैसे बऱ्याच अंशी वाया जातात. कांजिण्यांची लस तिच्याऐवजी चालत नाही.

बहिणीचे सध्याचे दुखणे लसीने कमी होणार नाही, कारण लस इजा झालेल्या तंतूची दुरुस्ती करीत नाही. फोड पूर्ण भरून आल्यावर, पुढच्या वेळेपासून बचाव म्हणून, तीही लस घेऊ शकते. डोळ्याला सूज येऊन गेली असेल, तर आधी तिच्या नेत्रतज्ज्ञांशी बोलून वेळ ठरवावी.